पाहणीची तालीम

"लुगडी धुऊ नका म्हणावं," हॅलम म्हणाला. गोरक्षनाथ मास्तरांनी ते बायांना मराठीत सांगितलं.

खडी फोडणाऱ्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. मागच्या महिन्यात पाहणीला अधिकारी आला, तेव्हा पाहुणा येणार म्हणून त्यांनी होतं नव्हतं त्या पाण्यात लुगडी धुतली होती. "कसं चाललंय?" असं विचारल्यावर "बरं हाय" म्हणाल्या होत्या. त्यानं तेच लिहून नेलं. आता कर्जतजवळचं हे दुष्काळी काम बंद व्हायचं घाटत होतं. काम गेलं की वाडीवर चूल पेटणार नव्हती. सोमवारी नवा अधिकारी शेवटची पाहणी करणार होता.

पीटर हॅलम लंडनमध्ये नाटकं बसवायचा. तीन बसवली, तिन्ही पडली. चौथं कोणी देईना. नगरच्या मिशनमधल्या बहिणीकडं तो तोंड लपवायला आला होता. मास्तर त्याला तिथं शोधत गेले.

"आमचे लोक उपाशी आहेत, साहेब. पण त्यांना ते दाखवता येत नाही."

तालमीत त्या बायांतली कडूबाई मात्र अडून बसली. "परक्या मानसाफुडं पोट दाखवायचं? मी न्हाई."

"तुजं नगं दावूस. नातवाचं दाव," शेजारी बसलेली झुंबरबाई म्हणाली.

कडूबाई उठून उभी राहिली.

सहा दिवस हॅलमनं तालीम घेतली. आधी कोणी बोलायचं, कुठं थांबायचं, नजर कधी उचलायची. दोनदा त्याचेच डोळे भरून आले.

सोमवारी जीप आली. कडूबाईनं पदर पसरला आणि जे बोलली ते त्यानं शिकवलेलं नव्हतं.

"सायेब, तीन दिस झालं, लेकराला नुस्तं पानी पाजून निजवतीय."

मागं चाळीस बाया गप्प उभ्या होत्या. अधिकाऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले. मास्तरांनी हॅलमचा हात घट्ट धरला. अशी शांतता हॅलमच्या एकाही नाटकात पडली नव्हती.

अधिकारी वळला आणि हॅलमला बघून थबकला.

"पीटर हॅलम? तुम्ही इथं?" तो इंग्रजीत म्हणाला. "मी लंडनला शिकायला होतो. तुमची तिन्ही नाटकं पाहिलीत. लोकांना तुमची किंमत कळली नाही."

त्यानं हॅलमचा हात दोन्ही हातांत घेतला.

"पण हे सगळ्यांत सुंदर बसवलंत."

मग तो कारकुनाकडं वळला. "लिहा. उपासमार आढळली नाही. काम बंद करावे."