दगडांमागचं उत्तर

"ख्रिस्त उठलाय रे, तोदेर!" भिंतीतल्या भोकाला तोंड लावून साफ्ता म्हणाली. मग तिने कान लावला.

मागे कड्यावर तीन गावांची माणसं उभी होती. सात वर्षांपूर्वी तिचा मुलगा तोदेर एकांताचं आणि मौनाचं व्रत घेऊन या गुहेत शिरला, आणि त्याच्यामागे गावाने दगड रचून तोंड बुजवलं. वीतभर भोक तेवढं ठेवलं, भाकरी-पाण्यापुरतं. सात वर्षं झाली, की ईस्टरच्या सकाळी आईने हीच हाक मारायची. आतून "खरंच उठलाय" असं आलं, की भिंत फोडायची. नाही आलं, तर आणखी सात वर्षं मौन. आणि उत्तर ऐकायचं ते आईनेच. दुसऱ्या कुणाचा कान तिथे चालत नाही.

"माझ्या माणसाने घण आणलाय हो, साफ्ताकाकू," शेजारची झांफिरा म्हणाली. "तुम्ही नुसती मान हलवा."

"तुझ्या माणसाने? त्याला बाटलीचं बूच उपटवत नाही, भिंत काय फोडतोय!"

लोक हसले. साफ्ताला हसता येत होतं. तिचा नवरा दारू पिऊन गटारात मेला, तेव्हा याच बायका तिला बघून रुमाल तोंडाला लावून हसायच्या. आता त्या तिच्या हाताचं चुंबन घेत. चर्चमध्ये पहिली जागा तिची. पाद्रीसुद्धा तिला आधी विचारून मग घंटा वाजवायचा. साधूची आई होती ती. उद्या साधू खाली उतरला, अंगणात खोकत बसला, की ती पुन्हा त्या दारुड्याची विधवा.

आत काहीतरी घसटत आलं. आधी खोकला, ओला, खोल. मग चार बोटं भोकाशी आली, मुळ्यांसारखी पांढरी.

"खरंच उठलाय," तोदेर कुजबुजला. त्यापलीकडे आवाज नव्हताच त्याला. "आई, रक्त पडतंय. अजून एक हिवाळा नाही निघायचा. मला घरी ने."

साफ्ता तशीच वाकून राहिली. बोटं तिच्या गालाला लागली. गार होती.

मग ती उठली, गुडघे झटकले, डोक्याचा रुमाल नीट बांधला.

"काय म्हणाला, काकू?" झांफिराने विचारलं.

"काय म्हणणार? माझा मुलगा आहे तो. शब्द मोडत नाही. घण घेऊन जा घरी."

कुणीतरी रडायला लागलं, कुणी गुडघे टेकले. बायका तिच्या हातांकडे धावल्या.

मागून, दगडांतून, पुसट हाक आली. "आई."

तेव्हा साफ्ताने ईस्टरचं गाणं धरलं. तीन गावांनी तिच्यामागून सूर लावला, पण त्या सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.