बरणीतली जाळी

कहकशाने पुण्याच्या प्रयोगशाळेत पॉलिमरची नखाएवढी जाळी बनवली होती. मोडलेल्या हाडाच्या जागी ती बसवली की तिच्या छिद्रांतून नवं हाड भरत जातं. नीट जमलेली पहिली जाळी तिने परतूरला येऊन अम्मीच्या हातात ठेवली होती.

आज ईदला घरी आल्या आल्या तिने विचारलं, "अम्मी, माझी जाळी कुठंय?"

अम्मीने, खैरुनबीने, कपाटातून काचेची बरणी काढली. आत नुसतं पाणी होतं.

"गलती झाली बेटा. हिच्यावर हाड वाढतं म्हणाली होतीस. मंग जित्या चीजेला कोरडं कसं ठेवू? तुझ्या खालाने मक्केला उमऱ्याला जाऊन आणलेल्या जमजमच्या पाक पाण्यात ठेवली. रोज बघायची मी. बारीक होत गेली अन् एक दिवस दिसलीच न्हाई. फोनवर सांगायची हिंमत झाली न्हाई."

कहकशा हसली. "अगं, ती विरघळायसाठीच असते. हाड भरलं की तिचं काम संपलं. पण अशी जल्दी थोडीच विरघळते! चांगली दोन वर्षं लागतात."

"लागली की," अम्मी बरणी पुसत म्हणाली. "तू गेल्तीस तवापासून बराबर तेवढीच."