एकाच माणसाचे पाय

"तुमच्या नावावर सायकल दुसऱ्या व्यक्तीने चालवली, असं समितीचं मत झालं आहे." इंद्रायणीने ते वाक्य तिसऱ्यांदा वाचलं आणि मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. चाळणीतले भिजवलेले पोहे तसेच राहिले.

कालच, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिने आयुष्यातली पहिली शर्यत जिंकली होती. शर्यत घरातल्या घरातच. सायकल ट्रेनर नावाच्या स्टँडवर बसवायची. समोरच्या पडद्यावर घाट दिसतो, पाय फिरतील तसा पडद्यावरचा आपला स्वार पुढे सरकतो, आणि चढ लागला की पेडल खरोखर जड होतं. सोलापुरातल्या क्लबच्या बायका आपापल्या हॉलमधून एकाच घाटावर भिडल्या होत्या. इंद्रायणी सगळ्यांच्या पुढे गेली. आणि आज हे पत्र. तिच्या पायांचा जोर आणि लय पती देवदत्त सरांच्या गेल्या पाच महिन्यांच्या नोंदींशी तंतोतंत जुळतात, तेव्हा सायकल त्यांनीच चालवली असणार. पहिला क्रमांक रद्द. खुलासा संध्याकाळी सहाच्या ऑनलाइन बैठकीत करावा.

नोंदी जुळत होत्या हे खोटं नव्हतं. तिला चीड आली ती त्याचीच.

ट्रेनर आणला देवदत्तने, तीन वर्षांपूर्वी. तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, आणि त्याच हौसेने त्याने बायकोला सायकल शिकवली. तिच्या उंचीला सीट बेतून दिली, चढावर श्वास कसा सोडायचा ते दाखवलं. पहाटे एकाने चालवायची, दुसऱ्याने चहाचा कप धरून समोर बसायचं आणि टोमणे मारायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण इतकं हसणं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

नोव्हेंबरात त्याची कंबर गेली. ती शाळेत शिकवायला गेली होती, तो एकटाच रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आला. तीन महिने विश्रांती सांगितलीय म्हणाला. त्याची रोजची सायकल तोवर सव्वाचारशे दिवस न चुकता झाली होती. तो नेम मोडू नये म्हणून तेवढी माझ्या नावावर चालव, असं त्याने तिला विनवलं. तिने चालवली. तीनाचे पाच महिने झाले. देवदत्तचं नाव यादीत वर चढत गेलं. दुखण्यातून उठून सर काय चालवतात बघा, असं क्लबात बोललं जाऊ लागलं, त्याला कॅप्टन केलं गेलं. तो हसून मान डोलवायचा. घरचीच गोष्ट, म्हणून तीही गप्प राहिली. फक्त एकदा, एकदाच, तिला स्वतःच्या नावावर चालवून बघायची होती.

दुपारभर देवदत्त तिला समजावत राहिला. आरोप मान्य केला तर फार तर तीन महिन्यांची बंदी येईल. खरं सांगितलं तर आपलं नाव मातीत जाईल.

"आणि माझं?" तिने विचारलं.

त्याने बैठकीसाठी लॅपटॉप चार्जिंगला लावला.

सहाला लॅपटॉपवर चाळीस चेहरे उगवले. क्लबचे सेक्रेटरी विरुपाक्ष भला माणूस. ते अगदी हळुवार बोलले. "वहिनी, राग मानू नका. सरांनी प्रेमापोटी केलं असंल की. घरात होतं असं." दोघंतिघं गालात हसली.

इंद्रायणीने तोंड उघडायच्या आत देवदत्त कॅमेऱ्याकडे झुकला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुम्हीच माझ्या नावावर चालवा, असा तिचा फार हट्ट होता. मला नाही म्हणवलं नाही."

कुणीतरी पडद्यावर बदामाचं चित्र टाकलं. मग आणखी एकाने.

इंद्रायणीचे कान तापले. ज्या माणसाने तिला या सीटवर बसवलं, त्यानेच चाळीस लोकांदेखत तिला खाली उतरवलं होतं. तेही तिच्यावर उपकार केल्यासारखं.

ती त्याच्याशी भांडली नाही. उठली, लॅपटॉप सायकलकडे वळवला, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि कालचाच घाट लावा म्हणून विरुपाक्षांना सांगितलं. मग ती सायकलवर चढली.

एप्रिलची संध्याकाळ, पंख्यालाही गरम वारा. दुसऱ्याच मिनिटाला घाम डोळ्यांत उतरला. तिने तो पुसला नाही. देवदत्तकडे एकदाही पाहिलं नाही. बारा मिनिटं पडद्यावर नुसते आकडे सरकत राहिले.

विरुपाक्षांनी तिन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. एकेक आकडा ताडून पाहिला.

"वहिनी, हे कालचंच हाय," ते म्हणाले. "आणि सरांचंबी हेच."

इंद्रायणी उतरली. धाप लागलेली असतानाच तिने टॉवेलने सीट पुसली आणि नवऱ्यासमोर बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "आता तुम्ही बसा."

देवदत्तने हँडलवर हात ठेवला. पाय उचलला नाही.

"मला बसता येत नाही," अखेर तो म्हणाला. "नोव्हेंबरपासून माझ्या नावावर हीच चालवते. कालची शर्यतही हिचीच."

मग कॅमेऱ्याकडे पाठ करून तो तिच्याकडे वळला.

"डॉक्टर तीन महिने म्हणाले नव्हते, इंद्रायणी. पुन्हा कधीच नाही म्हणाले होते."