विचारायचं काही नाही

आजोबा काउंटरपाशी येऊन उभे राहिले तेव्हा त्यांना धाप लागली होती. रुग्णालयाचं ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर, आणि ते लिफ्टची वाट न बघता जिना चढून आले होते.

“बोला, आजोबा,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“तुम्हीच त्या! आवाजावरून ओळखलं.” ते खुर्चीत टेकले. “आमच्या मंडळींची वाचा गेली, तेव्हा तुम्हाला फोन करायचो मी.”

बाईंना आठवलं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर बायको बोलेनाशी झाली होती, आणि आता काय करू, कसं करू म्हणून हे गृहस्थ दर दोन-चार दिवसांनी विचारायचे. पुढे माहिती विचारणाऱ्या रुग्णांच्या घरच्या लोकांचे फोन एक बोलणारं यंत्र घेऊ लागलं. बाई आता यंत्राने दिलेली उत्तरं वाचून ती बरोबर आहेत ना, एवढं बघायच्या.

“यंत्राने काही चुकीचं सांगितलं का?” त्यांनी काळजीने विचारलं.

“छे छे! गुणी आहे बिचारं. तेच तेच विचारलं तरी वैतागत नाही. त्यानेच सांगितलं, बोलता येत नसलं तरी कधी कधी गाण्यातून शब्द येतो. ओळखीचं गाणं म्हणून बघा.”

ते उत्तर बाईंनी वाचलं होतं. संदर्भ ताडून पाहिला होता, ‘बरोबर’ अशी खूण केली होती आणि पुढच्या उत्तराकडे वळल्या होत्या.

“मग म्हणायला लागलो रोज. माझा गळा असा, की सून दार लावून घ्यायची. पण सोडलं नाही. आज सकाळी एक कडवं संपवून दुसरं उचललं, तर ही माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पुरे!’”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“अगदी स्वच्छ. ‘पुरे!’ लग्नापासून ऐकत आलोय हो हे. पण आज...” आजोबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

“हे यंत्राला नाही का सांगितलंत?” बाईंनी हळूच विचारलं.

“सांगितलं की. आधी त्यालाच. माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, तेवढ्यात म्हणालं, ‘अभिनंदन!’ वर आणखी, ‘अजून काही विचारायचं आहे का?’ विचारायचं काही नव्हतं हो. सांगायचं होतं.” ते ओशाळून हसले. “एवढं मोठं काही ऐकलं की माणूस आधी जरा गप्प होतो.”

मग त्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला. “सूनबाई, आईच्या कानाला धर,” म्हणाले, आणि फोन बाईंच्या हातात दिला. “बोला तुम्ही.”

“मी... ग्रंथालयातून बोलतेय,” बाई म्हणाल्या. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. काहीतरी जुळू पाहत होतं, अडत होतं. एक डॉक्टर घाईघाईने काउंटरपाशी आले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“घरी,” पलीकडून आवाज आला. आणि मग, बऱ्याच खटपटीनंतर, “या.”