तुळशीचा शेंडा

लातूरच्या बसस्टँडमागं माझं टॅटूचं दुकान आहे. परवा शिरूर अनंतपाळचे वैजनाथ आले आणि मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांच्या आईच्या हातावर गोंदलेली तुळस होती.

"अशीच माझ्या हातावर काढा, ताई."

आईची आठवण म्हणून बरेच जण येतात. मी मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला सुई लावायच्या आधीचा तुळशीचा निळा छापा उठवला. शेंडा कोपराकडं, बुडखा बोटांकडं. हात खाली सोडला की समोरच्याला सरळ दिसते. आमच्या धंद्यात हीच पद्धत.

वैजनाथांनी हात बाकावर लांब केला आणि स्वतःच्याच दंडावर डोकं टेकून बघितलं. मला वाटलं, गडी सुईला भ्याला.

"उलटी करा. शेंडा बोटांकडं पायजे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, लोकांना उलटी दिसंल. नाव माझं खराब व्हायचं!"

"लोकांसाठी न्हाई, ताई. आई गेल्यापास्नं माझी लेक झोपंना झालीय. आजीच्या दंडावर डोकं ठिवून, ह्या तुळशीवर बोट फिरवत झोपायची. काल माझ्या हातावर बोट फिरवलं अन् उठून बसली."

मी छापा पुसला.

"लेक केवढी हाय?"

"औंदाच अंगणवाडीत घातलीय."

तुळस उलटी करून मी छापा बराच कोपराकडं सरकवला. एवढ्याशा पोरीचा हात बापाच्या मनगटापर्यंत पोचला नसता.