खिडकीकडची बाजू

आरोग्य विधेयकाचे घोडे दोन महिने सातव्या कलमापाशी पेंड खात होते. औषधे सर्वांना मोफत द्यायची की फक्त गरिबांना, एवढाच वाद. पण 'फक्त गरिबांना' म्हणणारे दाराकडच्या रांगेतले सत्ताधारी आणि 'सर्वांना' म्हणणारे खिडकीकडचे विरोधक तसूभरही हलेनात. आज पाचला समितीची मुदत संपली की विधेयक बारगळणार होते.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. चार सुना नांदवलेल्या त्या बाईंना रुसवेफुगवे नवे नव्हते.

"ज्यांच्या घरी कुणाचं कायमचं औषध चालू आहे, त्यांनी खिडकीकडे बसा. बाकीच्यांनी दाराकडे."

खिडकीकडचे कोणी उठलेच नाही. दाराकडून मात्र सत्ताधारी नेते सावकाश उठले.

"आईचं डायलिसिस," ते पुटपुटले.

विरोधी नेत्यांनी सरकून जागा दिली. "आठवड्यातून तीनदा?"

"तीनदा. तुमच्याकडे?"

"धाकटीला इन्सुलिन. रोज."

मग एकेक करत सगळेच आले. खुर्च्या पुरेनात, त्या दाराकडून उचलून आणाव्या लागल्या.

"बाई, विरोध करायला समोर कुणी उरलंच नाही," मागून कोणीतरी हसत म्हणाले.

"मग सातवं कलम वाचायला घ्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपलीही खुर्ची खिडकीकडे ओढली.