कणा

“त्या दिवशी सकाळी तुमचा नवरा काही बोलला होता का?” चौकशी अधिकाऱ्याने तमिळमध्ये विचारलं.

लावण्याने पदर सावरला. वेंकोबाला जाऊन सोळा दिवस झाले होते. कारखान्याच्या कामगारांना नेणारी त्याची व्हॅन चेन्नईजवळ तांबरमच्या अलीकडे वळणावर उलटली. तो जागीच गेला. तीन बायका अजून इस्पितळात होत्या. मागच्या चाकांमधल्या ॲक्सलचे दोन तुकडे झाले होते. गाडी ठणठणीत होती, ती उलटल्यावर ॲक्सल मोडला, असं व्हॅनमालक आदल्याच दिवशी लिहून देऊन गेला होता.

“बोलले सार,” ती म्हणाली. “‘कणा मोडत आलाय. मालकाला दोनदा सांगितलं, ऐकत नाही.’ एवढंच बोलले.”

“कणा म्हणजे?”

तो घरातल्या मराठीतला शब्द. लावण्या वाढली वेस्ट मांबलममध्ये, शिकली तमिळमध्ये. आईच्या तोंडून ऐकलं होतं तेवढंच तिचं मराठी.

“मुदुगु,” ती म्हणाली आणि स्वतःच्या पाठीवर हात ठेवला.

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि लिहिलं, ‘चालकाला पाठीचं दुखणं होतं. त्या अवस्थेत त्याने गाडी चालवली.’ लावण्याने सही केली. पाठ मोडलेल्या माणसाला रजा दिली नाही म्हणून आता मालकाला कुणीतरी जाब विचारेल, असं तिला वाटत होतं.

बाहेर कडुनिंबाखाली तिचे सासरे, राघोत्तम, बसले होते. जन्मभर तंजावरकडे बैलगाड्या घडवल्या त्यांनी. लेकाच्या चौकशीसाठी सकाळच्या गाडीने आले होते.

“काय विचारलं, पोरी?”

तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने तिला पुन्हा सांगायला लावलं.

“मुदुगु म्हणालीस?”

“हो मामा. कणा त्यांना कळेना.”

राघोत्तमांनी मातीत बोटाने दोन चाकं काढली, एका रेघेने जोडली. मग हळू आवाजात म्हणाले, “आपल्या घरात पाठीला पाठच म्हणतात गं. कणा गाडीला असतो. दोन चाकांच्या मधे. सगळा भार त्याच्यावर.”

लावण्या धावतच आत गेली. अधिकारी फाइलची नाडी बांधत होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता.

“अम्मा,” तो म्हणाला, “मघाशी पाठ, आता ॲक्सल. मालकाचा वकील हसेल. सही तुमचीच आहे ना?”

ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. सासरे काहीतरी बोलत होते, ते तिच्या कानांत शिरत नव्हतं. तिला ती सकाळ दिसत होती. वेंकोबाला तिने जबरदस्तीने चटईवर पालथं झोपवलं होतं आणि पाठीला बाम चोळला होता. “अगं, तिथं नव्हे,” म्हणत तो हसला, तसा तिने हात आणखी खाली नेला होता. मग तो उठला आणि दारात घुटमळला. आज नको जाऊस, असं कुणीतरी म्हणावं, म्हणून थांबल्यासारखा.

“एवढा आजचा दिवस कळ काढा,” असं म्हणून गाडीची किल्ली तिनेच त्याच्या हातात दिली होती.